पाव आटा कमी

उद्यमबागेतून निघताना पिशवीत भरलं:
रेझिनचा डबा, हार्डनरची बाटली, काचतंतूंचा चुरा,
जनावरांच्या दवाखान्यातली मोठी सिरिंज
आणि टोकाला वाकवलेला एक खिळा.
चिकोडी येईपर्यंत अख्ख्या बसला
माझ्या पिशवीचा वास पाठ झाला होता.

कल्लोळच्या काठावर होडी उसाच्या सावलीत पडलेली.
पुराच्या साली कुण्या संस्थेनं दिलेली,
तेव्हापासून अडिवेप्पा अंबीच्या ताब्यात.
वल्ह्याची कडी हातात घेऊनच तो उभा होता.
"आटे मेलेत बघा, बाई. फिरवलं की फिरतंय, धरत न्हाई."

स्क्रू मी दोन बोटांनी उपसला.
भोकातून निघाल्या आगपेटीच्या तीन काड्या,
मग सायकलच्या ट्यूबची चिंधी,
मग एम-सील, मग आणखी एक काडी, गुलासकट.
दर पावसाळ्याला एक नंबर मोठा स्क्रू.
"ह्याच्याहून मोठा मिळाला नाही?"
"ह्योच मेव्हणीच्या दाराच्या बिजागरीतला हाय,"
तो नदीकडं बघत म्हणाला.

ड्रिल लावलं. वरचं पांढरं कवच कुरकुरत गेलं,
खाली काच, काचेखाली प्लायवूड,
चहात विसरलेल्या खारीसारखं.
तपकिरी पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.
अडिवेप्पानं माझ्या हाताचा वास घेतला.
"दूधगंगेचं," म्हणाला.
कृष्णेचं कशावरून नाही, ते मी विचारलं नाही.

वाकडा खिळा ड्रिलमध्ये अडकवून
आतलं कुजकं सगळं खरवडून काढलं
आणि दोन दिवस ऊन खाऊ दिलं.
दोन दिवस त्याच्याच घरी भाकरी.
माझ्याशी मराठी, होडीशी कानडी,
सुनेशी अर्धं-अर्धं,
म्हशीशी नुसती जीभ टाळ्याला लावून टक् टक्.

नाळेवर चार स्क्रूंची पाटी, भोकं मात्र बारा.
"नाव तीनदा बदललं?"
"नाव त्येच. अक्षरं बदलली."
"रिकामी आठ बुजवू?"
त्यानं बराच वेळ तंबाखू मळली.
"पाणी तिथवर आलं तर पाटी वाचायला कोण असणार?"

तिसऱ्या दिवशी आधी पातळ रेझिन पाजलं,
मग चुरा घालून दाट, झुणक्याइतकं,
सिरिंजनं तळापासून वर भरत आणलं,
नाहीतर खाली हवा दडून बसते.
अडिवेप्पा दर पाच मिनिटांनी बोट लावायचा.
"गट्टी आतेन?"
मी ऐकलं ते मराठीत, मैत्री झाली का म्हणून,
आणि क्षणभर खरंच विचारात पडले.
मग कळलं, घट्ट झालं का विचारतोय.
"अजून नाही. कोमट आहे."

उरलेलं रेझिन फुकट जातं,
म्हणून पाटीचीही भोकं भरली. सातच.
आठव्यात कुंभारीण माशीनं
आधीच चिखल लिंपून ठेवला होता,
तिचं काम माझ्यापेक्षा सफाईचं.

सकाळी बारीक भोक पाडलं,
नव्या स्क्रूला साबण चोळला, मशीन बाजूला ठेवलं.
बाबा लेथवर होते तेव्हा सांगायचे,
दात-ओठ खाऊन आवळणाराच आटे मारतो,
शेवटचा पाव आटा हातातच ठेवावा.
अडिवेप्पानं पेचकस मागितला, "अजून थोडं?"
मी त्याचं मनगट धरलं.
तो नाखुशीनं थांबला, कडीत वल्हं घातलं
आणि सगळ्या अंगानिशी त्यावर लोंबकळला.
कडीनं आवाजसुद्धा केला नाही.

निघताना त्यानं कागदाची पुडी दिली.
आत जुने मोठे स्क्रू, घासून-पुसून.
"वाटेत अंकली लागतंय. मेव्हणीचं घर ठाण्याच्या मागं.
दार अजून सुतळीनं बांधलंय.
मी दिलं म्हणू नका."