उचंत खातं

हाड मोडलं असतं तर सोपं होतं, असं
आमचे वकील म्हणतात. कुचेष्टेनं नाही, कळवळून.
हाडाला टक्के असतात. पायाला, पंजाला, एका डोळ्याला
ठरलेले. तुमच्या एक्स-रेत, कुंदाताई,
सगळं जागच्या जागी.

अर्ज हिंदीत. घरी आणून तो मी मराठीत वाचते
आणि अडखळते.
'मानसिक पीड़ा के मद में दो लाख.'
मद म्हणजे कलम, खर्चाचं; माहीत आहे मला,
जन्मच चिटणीस की गोठमधला.
तरी आई ज्या भाषेत रागवायची
तिच्यात मद हत्तीला चढतो.
आणि पेशी म्हणजे तारीख. पुढची पेशी चौदाला,
तिच्या पुढची एकोणतीसला.
अंगात एवढ्या पेशी, त्यांतली कुठली बिघडली
ते जयारोग्यच्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही.
बिचारे तरुण आहेत. त्यांनी लिहून दिलं:
झोप नाही, दचकणे, रस्ता ओलांडता न येणे.

हे खरं आहे. भाजीवाले सगळे पलीकडे.
अलीकडे एकच म्हातारी बसते, तिच्याकडे दुधी.
दोन हिवाळे आमच्या घरात दुधी शिजतो आहे.

कंपनीच्या वकिलानं विचारलं,
बँकेतून निवृत्त ना तुम्ही? मग बुडालं काय?
मी म्हटलं, काही नाही.
साहेबांनी ते लिहून घेतलं.

अर्जात एक गोष्ट नाही.

जानेवारी, सकाळचे साडेसात, हजिऱ्याहून निघालेला टेंपो,
बाहेर नुसता चुना फासलेला.
शेजारच्या मुलाचा मफलर नवा होता,
किमतीची चिठ्ठी काढायची राहिली होती, तीच मी बघत होते:
एकशे साठ.
आंटी, फूलबाग आ गया क्या?
गुरुद्वारा दिसत नव्हता. मी म्हटलं,
अभी नहीं बेटा, बैठे रहो.

फूलबागलाच उभे होतो आम्ही.
हे पंचनाम्यातून कळलं.
डंपर त्याच्या बाजूनं आला.

त्याचे वडीलही येतात. रामसेवक कुशवाह, मुरैन्याकडचे.
दावा आमच्याच खोलीत. त्यांचं गणित सरळ आहे,
वय एकवीस, गुणक अठरा.
बाकावर बसलो की रुमालातली गजक पुढे करतात.
एकदा विचारलं, आपसे कुछ बोला था?
फूलबाग पूछ रहा था, मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.
मी काय उत्तर दिलं, ते त्यांनी विचारलं नाही.
तीळ दुपारभर दातात होते.

आज लोकअदालत. कंपनी म्हणते, राजीनामा करा.
इथे राजीनामा म्हणजे समेट,
दोघं राजी, सही, चहा.
आमच्यात राजीनामा देऊन माणूस उठून जातो.
पंचेचाळीस हजार. घ्या, वकील म्हणाले,
मनाचे एवढे कोण देतं?

सत्तावीस वर्षं मी खतावणी लिहिली.
ज्या रकमेचा धनी सापडत नाही
ती उचंत खात्यात टाकायची,
आणि मार्च संपायच्या आत कुणाच्या तरी नावे वळती करायची.
एकदा एका रुपया दहा पैशांसाठी
रात्री अकरापर्यंत बसलो होतो आम्ही तिघी.
मॅनेजर म्हणाले, मी खिशातून घालतो, घरी जा.
नाही गेलो.

कागद समोर आहे. फुलीच्या खुणेशी
माझं नाव यायचं आहे.
दोन टेबलांपलीकडे कुशवाहजी अंगठा पुसताहेत,
शाई निघत नाही.

शिपाई वाकून विचारतो, हो गया, अम्मा?

अभी नहीं,
म्हणते मी, आणि माझाच आवाज ऐकून
पेन खाली ठेवते.