देवळालीचा ताप

मंगळवारी वाक्प्रचार होते.
माझगावची नाइट स्कूल, ट्यूबलाइट अर्धी,
अकरा जण, दिवसाची पाळी अंगावरच वाळलेली.
मी फळ्यावर लिहिलं:
वेड्याला इंग्रज काय काय म्हणतो.

मॅड ॲज अ हॅटर. टोपीवाल्याइतका वेडा.
"आमच्यात टोपी घालणारा शहाणा असतो सर,
घालून घेणारा वेडा,"
अल्मेडाची ज्युडिथ म्हणाली, आणि वर्ग सैल झाला.

सांगितलं मग पाऱ्याचं:
टोप्यांचा नमदा कमावताना वाफ छातीत जायची,
वर्षं गेली की हात कापत, जीभ अडखळे,
गिऱ्हाईक आरशात बघून टोपी तिरकी करी
आणि दुकानाबाहेर पडल्यावर हसे.
वर्ग थोडा कमी हसला.

घंटाघरात वटवाघळं, म्हणजे डोक्यात.
"आमच्या चर्चात नुसती कबुतरं," ज्युडिथ.
गोट्या हरवल्या, म्हणजे अक्कल गेली.
इथे मागच्या बाकाला खोकला आला,
मला पाठ फिरवून फळा पुसावा लागला.
मग त्यांनीच सुरू केलं,
स्क्रू ढिला, आठ आणे कमी, वरचा मजला भाड्यानं देणे आहे.
"वेड पांघरून पेडगावला जातात, त्या पेडगावला एसटी कुठून?"
कुणीतरी म्हणालं, "ह्याला ठाण्याला टाका."
ते सगळ्यांत मोठ्यानं हसले.
क्रेनवरचा मोकल वहीच्या समासात रेघ ओढत होता.

मी हुकमाचं पान शेवटी ठेवलं होतं. डूलाली.
हा शब्द इथला, म्हटलं. नाशकाजवळची देवळाली.
मुदत संपलेले गोरे शिपाई तिथं छावणीत ठेवत,
मुंबईहून बोट निघेस्तोवर.
बोटींचा हंगाम असे. हंगाम चुकला की महिने.
लढाई संपलेली, घर सुरू झालेलं नाही.
ऊन, माशा, दारू, पुन्हा ऊन.
काहीजण बराकीच्या भिंतीशी बोलायला लागले.
त्याला म्हणत डूलाली टॅप.
टॅप म्हणजे नळ नव्हे रे, ताप. आपलाच, अंगात येतो तो.
साहेबाच्या तोंडात गेला,
ताप उतरला, चेष्टा तेवढी राहिली.

तास सुटला. मोकल बाकावरच.
"सर, बोट नाय आली म्हणून पण लागतं?"

धाकटा भाऊ, दामोदर. मालवाहू बोटीवर खलाशी.
दोन खेपा केल्या. तिसरीला एजंट म्हणाला, फोन येईल.
पैसे घेतले, फोन आला नाही.
बॅग भरून दाराशी. पहिलं वर्ष आईनं तिच्यावरनं केर काढला,
दुसऱ्या वर्षी तिच्याभोवतीनं.
मग तो रात्री गच्चीत उभा राहून
दिवे मोजायला लागला, आणि आकडा चुकला
की सगळ्या चाळीला उठवून पुन्हा पहिल्यापासनं.

"आता ठाण्यालाच हाय. एक रविवार सोडून जातो मी.
चिवडा न्हेतो. खाताना इचारतो, लागली का रे धक्क्याला?"

भूक लागते, ठेच लागते, पडल्या पडल्या डोळा लागतो,
बोट धक्क्याला लागते.
वीस वर्षं मी भाषा शिकवतो,
आणि हे क्रियापद कधी हातात घेऊन बघितलं नव्हतं.

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला,
कसलासा सरकारी फॉर्म, इंग्रजीत भरायचा.
व्यवसाय, ह्या शब्दापुढे रिकामी रेघ.
"ह्याचं काय लिवायचं?"

मी पेन उघडलं. बंद केलं. उघडलं.
वेटिंग, असं लिहिलं.
त्यानं स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं,
वहीत उतरवलं, समासातल्या रेघेशेजारी.

पुढच्या मंगळवारी वाक्प्रचारांचा दुसरा भाग होता.
मी प्रयोग घेतला, कर्तरी आणि कर्मणी.
ज्युडिथनं तक्रार केली.