ऋजुताला, हौदाबद्दल

ऋजुता, तू विचारलंस,
इंदूरच्या नव्या घरामागे जागा आहे, आम्हीही पोहायला हौद खोदतोय,
मावशी, तुझा कंत्राटदार कसा होता?
फोनवर मी नुसती हसले. आता लिहिते.

दोन होते.

पहिला संग्राम घाटगे.
बडोद्यात कुणी दारातच
"ताई, चहा आपल्या पद्धतीचा हं" म्हणालं
की मी निम्मी विरघळते.
त्याची आत्या माझ्या शाळेत होती म्हणे,
कुठल्या वर्गात, ते मी विचारलं नाही.
कार्डावर निळ्याशार पाण्याचा फोटो,
कडेला माड, मागे चक्क समुद्र.
बडोद्याला समुद्र कुठला, हे मला
साठ टक्के उचल देऊन झाल्यावर सुचलं.

त्याने भायलीला नेऊन एक तलाव दाखवलाही,
कुंपणावरून. फाटकाला कुलूप होतं.
तिथला राखणदार त्याच्याकडे बघत होता,
भलत्याच लग्नात पंगतीला बसलेल्याकडे
बघावं तसा.
मी ते पाहिलं, ऋजुता.
पाहिलं, आणि गाडीत जाऊन बसले.

माती तपासायची ना?
"माती ती मातीच, ताई."
करार?
"आपल्यात कागद?"
सळ्या मोजायला मी चष्मा लावून गेले
तर दोन सळ्यांच्या मधून
शेजारचं मांजर शेपटी उभी करून
आरामात निघून गेलं.

मग कामगार दोनाचे एक झाले,
एकाचा निरोप झाला,
आणि फोन बंद.

श्रावणात विश्वामित्री गल्लीत शिरली.
ओसरली तेव्हा आमच्या खड्ड्यात
एक मगर ठेवून गेली.
वनखात्याची पोरं दोर घेऊन आली,
"लहान आहे, काकी," म्हणाली, "साडेपाच फूट."
तळ, भिंती, कोपरे,
सगळं पोट टेकून तपासणारी
ती पहिलीच.
उचलही मागितली नाही तिने.

दुसरे अरजणभाई.
हसत नाहीत. चहा घेत नाहीत.
आले आणि म्हणाले, पाणी क्यां जशे?
पाणी येणार कुठून हे सगळेच सांगतात गं,
जाणार कुठे, हे विचारणारा
मला पासष्टाव्या वर्षी भेटला.
पहारीने हातभर खोल भोक पाडलं,
तांब्याभर पाणी ओतलं,
"उद्या येतो," म्हणून निघून गेले.
मला वाटलं, हाही गेला.

आले. बोट घालून बघितलं.
काळी माती. ओली झाली की फुगते,
वाळली की भेगाळते,
वरच्या भिंतीला विचारत नाही.
तुला पाहिजे त्याच्या निम्माच हौद होईल, म्हणाले,
आणि त्याला जास्त दिवस लागतील.
इतकं वाईट बोलणाऱ्या माणसावर
मला का कोण जाणे, झोप लागण्याइतका विश्वास बसला.
तरी यावेळी कागद केला,
त्यांच्या तीन जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी गेले,
एकीने तर मला तिच्या पाण्यातच उतरवलं.
पैसे कामाच्या मागून चालले,
एक पाऊल मागून, सुनेसारखे नाही,
हिशेब ठेवणाऱ्या सासूसारखे.

शेवटी हौद भरला,
आणि त्यांनी पायरीवर पाण्याची बादली ठेवली.
हौदाला पेन्सिलीची रेघ, बादलीला रेघ.
सात दिवस कुणी हात लावायचा नाही.
ऊन दोघांचंही पाणी पितं, म्हणाले,
हौदाने बादलीपेक्षा जास्त गमावलं
तर ते ऊन नव्हे, मी.

सात रात्री मी काठावर खुर्ची टाकून बसले.
सातव्या दिवशी ते गुडघ्यावर वाकले,
इकडे बोट, तिकडे बोट.
सारखंच उतरलं होतं.
मी शेवटचा चेक लिहिला
आणि म्हटलं, पहिली उडी तुमची.

ते दोन पावलं मागे सरकले.
"मला पोहता येत नाही, बेन," म्हणाले,
"पाण्याची फार भीती वाटते."