गळती

काळ्या नळीच्या तोंडाशी डोळा लावला की
हिरा हिरा राहत नाही,
रंगवलेला नकाशा होतो.
लाल म्हणजे वरून आलेला उजेड, मानाने परत पाठवलेला.
हिरवा खालच्या अंगाने आलेला, कसाबसा वळलेला.
निळं म्हणजे मी,
माझं डोकं, दिव्याच्या आणि दगडाच्या मध्ये आलेलं.
आणि पांढरं जिथे, तिथे काहीच नाही.
तिथून उजेड तळातून निघून गेलाय
कौलातून पाणी जावं तसा, न सांगता.

अँटवर्पला, स्टेशनामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
एकतीस वर्षं मी लोकांना हेच सांगते:
बघा, इथे गळतंय.

आज सकाळी वान्नेस आणि सीत्स्के आले,
निथळत्या छत्र्या जिन्यात ठेवून.
अंगठी सीत्स्केच्या आजीची. नवं कोंदण करायचंय,
त्याआधी बघा म्हणाली, दगड कसा आहे.
सोडवला, स्पिरिटात बुडवला,
साठ वर्षांचा साबण निघाला, थोडी कणीकही.
वजन एक कॅरट.
शंभर सेंट, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.
इतकं नेमकं, की नळीखाली ठेवायच्या आधीच
मला कळलं काय दिसणार ते.

पटलाच्या कडेने पांढरं कडं, पुरतं वाटोळं.
बाण आठ हवेत, तर नीट उठलेले पाच,
सहावा अर्ध्यात मोडलेला.
पोट खोल.
फोटो काढून दोघांसमोर ठेवला.
'पांढरं चांगलं की वाईट?' तिने विचारलं.

नेइलनला, परसातल्या शेडमध्ये
उत्तरेच्या खिडकीशी वडील बसायचे.
तेल प्यालेली सहाण गरगरत असायची.
मधेच दगड उचलून त्यावर तोंडाची वाफ सोडायचे,
वाफ कशी विरते ते बघायचे, हुंकार द्यायचे.
एवढीच त्यांची प्रयोगशाळा.
व्यापारी पैसे मोजायचा वजनावर:
नव्याण्णव भरले की भाव बसला,
शंभर भरले की उठून उभा.
उजेडाला कोण विचारतो?
'पोटाला ठेव थोडं,' ते शिकाऊ पोराला सांगायचे,
आणि ते दगडाच्या पोटाबद्दल बोलतायत
हे मला फार उशिरा कळलं.

हा त्यांचाच का? सांगता येत नाही.
कंबरेवर एका जागी मूळ खड्याची साल राहिलीय,
न घासलेली, नखाच्या टोकाहून बारीक.
ते ठेवायचे तशी.
पण तेव्हा अर्धं गाव साल ठेवायचं,
काही वाया घालवलं नाही याची साक्ष म्हणून.
दोनदा भिंग लावलं.
तिसऱ्यांदा लावलं नाही.

कागदावर लिहिलं:
घडण, साधारण. गळती, पटलाखाली, मध्यम ते जास्त.

'पुन्हा पैलू पाडले तर?' वान्नेस म्हणाला.
तर उजळेल. लाल कडेपर्यंत भरेल, आठही बाण उठतील.
'आणि जाईल किती?'
नऊ सेंट, मी म्हणाले,
आणि मनात हिशेब सुरू झाला, माझी इच्छा नसताना:
एका हिवाळ्याचा कोळसा,
माझ्या बुटांचे तळवे,
वर काहीतरी, जे आई बिस्किटांच्या डब्यात टाकायची
आणि डबा कपाटावर सरकवायची.
फोटोत हे सगळं पांढरं येतं.

गुरुवारी कळवतो, म्हणाले.
तो छत्र्या आणायला जिन्यात गेला
तेवढ्यात सीत्स्केने स्वतःच नळीला डोळा लावला.
'मधलं हे निळं काय आहे?'
ते तू, मी म्हणाले.

तिने पटकन मान बाजूला घेतली,
आणि मग अर्थातच
तिला काहीच दिसेना.