मानस

आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे.
दिवाडीच्या बांधाच्या पोटात बसवलेली लाकडी दारं ती,
भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात,
खाजनातलं भात खारं होऊ नये म्हणून.
बाबा त्यांचे राखणदार.
शाळेत बाईंनी मानस म्हणजे मन असं शिकवलं
तेव्हा मी हात वर केला: बाई, त्याला शेवाळ लागतं.
वर्ग हसला.
इर्मिंद हसली नाही.

मग पणजी बुडाली, फेरी थांबली,
आणि बांधकरी आले, कपाळाला पांढरा चिखल माखून.
देवळाची घंटा आणि इगर्जीची घंटा
त्यांनी एकाच भट्टीत घातली.
आता पहाटे तिचा एकच आवाज येतो
आणि कुत्री खाटेखाली शिरतात.
समुद्र का चढतो?
अंगांमुळे.
कुणाच्या अंगांमुळे?
आमच्या, आमच्या.
मी हे झोपेतही म्हणते, आई सांगते.

सोळावं लागलं की अमावास्येला मानसाशी जायचं.
दारावर ओठ टेकून सांगायचं, मनात कोण येतं ते.
फळीला कालवं चिकटलेली असतात, ओठ कापतात.
आमच्या बेटावर मोठं झालेलं माणूस
ओठावरच्या व्रणावरून ओळखतात.
मग बाबा काठी बुडवतात.
पाणी वीतभर चढलेलं निघालं
तर सांगणाऱ्याला बांधात घेतात.
बांधात घेतात, एवढंच म्हणतात.
खिंडार बुजतं.

इर्मिंदने माझं नाव घेतलं नाही.
"एक मुलगी," म्हणाली ती फळीला,
"शेवाळाबद्दल बोलते."
बाबांनी काठी कंदिलाशी धरली.
वीतभर, म्हणाले.

तिथलं भात यंदा छातीएवढं आलं.
त्याची पहिली पेज बांधकऱ्यांनी राखणदाराच्या घरी पाठवली.
मी खाल्ली.
भूक लागली होती.

माझी पाळी येईपर्यंत मी मिठाने अंग घासलं,
चाळीस दिवस, कोपराची साल निघेपर्यंत,
ती जावी म्हणून. ती गेली नाही.
एक मुलगा पाठ केला होता, करमळीचा, कुरळ्या केसांचा.
फळीवर ओठ टेकले
आणि आतून कुणीतरी
माझ्याच जागी, पलीकडून,
ओठ टेकल्यासारखं झालं.
मी म्हटलं: इर्मिंद.
मोठ्याने. सगळ्यांनी ऐकलं.

बाबा काठीकडे बघत राहिले.
कंदील मीच धरला होता, मलाही दिसत होतं:
पाणी रोजच्या खाचेला.
"चढलं नाही," बाबा म्हणाले.
बांधकऱ्यांनी चिखलाची कपाळं हलवली,
काठी खोटं बोलत नाही, म्हणाले, आणि पांगले.

वाटेत बाबांनी माझा हात धरला.
त्यांचा हात थंड होता, माशासारखा.
मी खाचा मोजत होते.
अकरा वर्षं. एकोणीस पोरं.
कुठलीच रात्र एका खाचेवर गेली नव्हती.

आता बाबांना अंधारात दिसत नाही, असं ते सांगतात.
काठी माझ्याकडे असते.
पुढची अमावास्या क्लेतूची,
जो बहिणीची कर्णफुलं घालून तळ्यात वाकून बघतो.
काय सांगू गं, विचारतो रोज.
कर्णफुलं घालून ये, मी म्हणते.
पाणी मी बघते.

ओहोटीला मानस उघडतं तेव्हा
मी बांधावर असते.
फळी करकरते, गढूळ पाणी बाहेर पडतं,
त्यात कधी भाताचं एखादं कणीस.
मी ते खात नाही.