बत्तीसने गुणताना

बाबोने इंजिन आधी खडूने मोजलं.
प्रत्येक रिव्हेटवर एक टिंब,
म्हणजे तोच पुन्हा मोजला जायला नको.
डाव्या टाकीवर तीनशे सत्तावीस,
उजवीवर तीनशे चोवीस.
तीन कधी गळून पडले, कुणास ठाऊक.
संध्याकाळी पावाचा तुकडा हातात धरून बसून राहिला:
"कुठल्या दिवसाचं इंजिन करायचं मी?"
आई म्हणाली, "आजचंच कर. आणि हात धू."

सात हिवाळे स्वयंपाकघरातलं टेबल आमचं नव्हतं.
पितळेचा कीस साखरेत सापडायचा.
बत्तीस हातांचं इंजिन एका हातात मावेल असं,
पण पिस्टन खरा, वाफ खरी,
शिट्टी मात्र चिमणीला ठसका लागावा तशी.
कोळसाही खाणीतलाच हवा होता त्याला,
तो त्याने आईच्या कॉफीच्या चक्कीत दळला.
पुढे आठवडाभर
आम्ही लिपोवाची खाण प्यायलो.

कॅबच्या कोपऱ्यावर पोचा होता, तो त्याने ठोकून आणला.
धुराड्याच्या काठाचा चिरा, तोही.
आणि एक पायरी केली,
जी त्या इंजिनाला कधीच नव्हती.

ज्यांनी ते इंजिन घडवलं त्यांचे पाय लांब असावेत.
रसीमकाका जेमतेम पाच फूट.
फावडं आधी वर फेकायचा, मग स्वतःला.
फेब्रुवारी, पहाटपाळी, लोखंडावर बर्फाची साय.
चाक फिरलं ते अर्धा फेरासुद्धा नाही.
लिव्हरवर हात कुणाचा होता
हे आमच्या घरात विचारत नाहीत.
मी विचारलं नाही. मॉडेल पाहिलं, आणि कळलं.

मग लढाई आली.
आराखड्यांची खोली दोन दिवस धुमसत होती.
खाण बंद पडली. शेडमधल्या इंजिनाचं
पितळ गेलं, तांबं गेलं,
शेवटी पायऱ्यासुद्धा कुणीतरी कापून नेल्या,
त्या थंडीत कोण कुणाला नावं ठेवणार.

वीस वर्षांनी सारायेवोहून मिरेला आली,
सोबत दोन पोरं, कॅलिपर, आणि एकच फोटो:
इंजिनापुढे ओळीत उभे खाणकामगार,
गुडघ्यापर्यंत बर्फ, खालचं काहीच दिसत नाही.
म्हणाली, "काका, मूळ काही उरलं नाही.
आता तुमचं मॉडेलच मूळ."
पोरं मोजत गेली, ती लिहीत गेली.
डावी बाजू, खालची पायरी,
रुळापासून बारा मिलिमीटर.
गुणिले बत्तीस.
तीनशे चौऱ्याऐंशी.
"बरोबर ना?"

बाबोने साखरेचा खडा कॉफीत बुडवला,
दातांत धरला,
बराच वेळ विरघळू दिला.
"लिही," म्हणाला.

मे महिन्यात पेटवलं.
काळ्या धुराची कातडी टाकून पांढरी वाफ बाहेर आली,
आणि आख्ख्या दरीत कुत्री भुंकू लागली.
बँड होता, भाषणं होती, भाजलेलं कोकरू होतं.
उजव्या टाकीवर तीनशे सत्तावीस रिव्हेट,
मी मोजले. खडू नव्हता, बोटाने मोजले.

लाल जाकिटातली एक बुटकी बाई
हातात आइस्क्रीम घेऊन, फोनवर बोलत बोलत,
पायरीवर पाय ठेवून वर चढली.
खाली पाहिलंसुद्धा नाही तिने.

बाबो लांब उभा होता, कुंपणापाशी.
चढायला बोलावलं तर म्हणाला, गुडघे दुखतात.
मग टोपी काढली,
आत काही पडलंय का ते पाहिलं,
परत घातली.

घरी आई चक्की धूत होती.
अजून काळं निघतं तिच्यातून, म्हणाली.