नाव कमी करणे

राचाच्या डोंगरात, नदीच्या वरच्या अंगाला
आमची शाळा. दहा मुलं, एक शेगडी,
त्बिलिसीहून आलेले चार जुने संगणक,
त्यातला एक फक्त उन्हाळ्यात चालतो.

जावास्क्रिप्ट शिकवायची, म्हणून एकदा
मी मुलांनाच अंगणात रांगेत उभं केलं.
मोजणी अक्रोडापासून, आणि शून्यापासून.
बार्बारे शून्य झाली म्हणून रुसली.
म्हटलं, अगं, इथे शून्यच पहिलं असतं.
तरी रुसलीच.

"लाल मोजेवाल्यांना काढायचं," मी म्हणाले
आणि अक्रोडाकडून चालू लागले.
तीन क्रमांकाच्या बेसोला बाहेर ओढलं.
मागचे सगळे एकेक पाऊल सरकले,
चार झाला तीन, पाच झाला चार,
जागा अशी बुजली की बेसो नव्हताच कधी.
आणि मी, शिस्तीची बाई, पुढच्या जागेवर गेले.
मागे कुणीतरी खुसखुसलं.
त्सोत्ने. त्याचेही मोजे लाल,
बेसोच्या जागी येऊन उभा,
माझ्या पाठीमागे, अगदी सुखरूप.

काढत काढत पुढे जाणाऱ्याला
लागून उभ्या दोघांतला एक दिसत नाही,
हे त्या दिवशी कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.
मग मी दुसऱ्या टोकाकडून निघाले.
शेवटून काढत आलं, की सरकतात ते
आधीच पाहून झालेले असतात.

"काढलेल्यांनी जायचं कुठे?" ग्वान्त्साने विचारलं.
स्प्लाइस त्यांना टाकून देत नाही, म्हटलं,
वेगळी रांग करून हातात ठेवतं.
ती उठून त्या रांगेत जाऊन उभी राहिली,
राखाडी मोजे घालून.
मी काही बोलले नाही. उदाहरण बिघडलं.

शेवटी डिलीट दाखवलं, घंटा व्हायच्या आत.
पोर जातं, जागा राहते.
कुणी सरकत नाही, रांग तेवढीच लांब,
फक्त त्या क्रमांकाला हाक मारली
तर उत्तर येतं: अनडिफाइन्ड.
"हे कामाचं नाही," मी म्हणाले,
"असली भोकं ठेवू नयेत. पुढे त्रास देतात."

नोव्हेंबरात त्सोत्नेचं घर पोलंडला गेलं.
बाप तिथे ट्रक चालवतो.
चार पेट्या, एक चीज, आणि आजी मागच्या सीटवर
कुणाशीच न बोलता.
त्याच आठवड्यात पत्र आलं:
पटसंख्या दहाच्या खाली गेल्यास
शाळा ओनीच्या शाळेला जोडण्यात येईल.
ओनी. बर्फात तीन तास, रस्ता असला तर.

संध्याकाळी मुख्याध्यापक ओतार वर्गात आले,
कोट न काढताच शेगडीपाशी उभे राहिले.
आयुष्यभर भूमिती शिकवलेला माणूस,
कधी कुठली रेघ वाकडी काढली नाही.
"नेस्तान," म्हणाले, "मी त्या दिवशी खिडकीत होतो.
ते शेवटचं काय होतं?
जागा ठेवणारं?"

जिल्ह्याला आकडा पाठवणारा प्रोग्रॅम माझाच.
पोरं मोजत नाही तो, लेंग्थ वाचतो.
फिल्टर लावलं तर नवी, स्वच्छ यादी, नऊ नावांची.
स्प्लाइस केलं तर नऊ.
कुठल्याही सरळ मार्गाने नऊ.
पटावरून नाव कमी करणे, असं आमच्या कागदात लिहितात,
जसं भाजीत मीठ कमी करावं.

ओतार लाकूड सारत राहिले, गरज नसताना.
मी चार क्रमांकावर आले.
ज्याला कामाचं नाही म्हटलं होतं
तो शब्द टाइप केला. एंटर.

सकाळी हजेरी. शून्य, रुसवा न सोडता: हजर.
एक, दोन, तीन. मग मी थांबले,
कारण प्रोग्रॅम थांबत नाही, तो भोकावरून
न बघता उडी मारतो, मला ते जमेना.
बेसोने मागे वळून पाहिलं.
कुणी सरकलं नाही.

निरीक्षक बर्फ वितळल्यावर येतील.
तोवर दहा.